कोलाडकरांनंतर कोण?

पेण, ५ मे १९९६

सौ. अनितास,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे बंबात घालायच्या आधी एवढं एकच वाक्य वाच: कोलाडकर गेले.

पेपरात चौथ्या पानावर कोपऱ्यात आलं होतं, वर टेंडरची नोटीस आणि खाली गुरांच्या बाजाराची जाहिरात. ‘अद्भुत कादंबऱ्यांचे लेखक व. स. कोलाडकर यांचे वृद्धापकाळाने निधन.’ बस्स. त्यांच्या केतुमानचं नावसुद्धा नाही. ज्याने माणसाला सात डोंगरांपलीकडे नेलं, मांत्रिकांच्या राज्यात तलवार घेऊन उभं केलं, त्याची बोळवण दीड ओळीत. मला राग आला. रडूही आलं, तुला खोटं कशाला सांगू.

आईच्या तेराव्यापासून तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही. भांडण भांडणाच्या जागी राहू दे. पण ही बातमी तुला सोडून मी कुणाला सांगू? कारखान्यात सांगितली तर दिनानाथशेठ म्हणाले, “कोन, पाव्हना व्हता काय तुजा?” मी हो म्हणालो.

आता अडचण अशी आहे की केतुमानची सगळी पुस्तकं माझी पाठ झाली आहेत. पुढचं वाक्य काय ते पान उलटायच्या आधीच कळतं. नवीन काही येणार नाही. मग वाचायचं काय? लहानपणापासून पुस्तक निवडणारी तू. मिठागरावरच्या खोपीत बाबा जेवून आडवे व्हायचे आणि तू दोन पुस्तकांची पहिली पानं चाळून म्हणायचीस, “ह्या नको, ह्या वाच.” कधी चुकली नाहीस. मी नुसता वाचणारा.

वाचनालयातल्या माणसाने मला दाभेकर दिले. म्हणाला, कोलाडकर आवडतात ना, मग हे आवडतीलच. अगं, कसलं काय! दाभेकरांचा वीर पहिल्या पानावर सिंह मारतो, दुसऱ्यावर हत्ती, आणि तिसऱ्या पानापर्यंत त्याला घामसुद्धा येत नाही. आपला केतुमान आठव. खांद्यात बाण लागला तर पुढची तीन प्रकरणं त्याला तो हात वर करता यायचा नाही. त्याला भूक लागायची. एकदा तर तो राजकन्येला सोडवायला निघालेला असताना वाटेत कुणाच्या तरी दारात भाकर मागतो, आणि बाबा खोपीत उठून बसले होते, “हा आपला मानूस हाय,” म्हणून. दाभेकरांच्या वीराला कुणी भाकर दिली तर तो बहुधा ती तलवारीने कापेल.

एक नाव कळव. पोस्टकार्डावर नुसतं लेखकाचं नाव लिहिलंस तरी चालेल. खाली सही नको, ख्यालीखुशाली नको.

तुझा
गुणाजी


पेण, ९ जून १९९६

अनू,

पोस्टकार्ड आलं नाही. ठीक आहे.

मधल्या काळात मी करमाळे वाचले. जाड पुस्तक, छान बांधणी, मुखपृष्ठावर ज्वाळा. आत मात्र सगळे उभे राहून भाषण करतात. तलवार उपसायची तर आधी धर्म म्हणजे काय यावर पाऊण पान. शत्रूही बिचारा ऐकत उभा. मी शत्रू असतो तर एवढ्या वेळात घरी जाऊन जेवून आलो असतो. तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, सुधारेल सुधारेल म्हणून. आता त्या वाया गेलेल्या पानांची हळहळ वाटते, आणि का वाटते ते सांगतो. सांगणार नव्हतो.

माझे डोळे चालले आहेत. अलिबागच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा गेल्यातच जमा आहे. उजव्याला मधलं दिसतं, कडेचं दिसत नाही, पुंगळीतून पाहिल्यासारखं. थेंब घालतो. गेलेलं परत येत नाही म्हणाले, राहिलेलं किती टिकेल ते तुमच्या नशिबावर. शेठना अजून बोललो नाही. तुला माहीत आहे, कारखान्यात माती कुणीही थापतं, रंग कुणीही मारतं, पण आखणी माझी. गणपतीचे डोळे मी उघडतो. माझेच मिटायला लागलेत हे कळलं तर शेठ उद्यापासून कुंचला हातात देणार नाहीत.

तेव्हा माझ्या घाईचं कारण आता तुझ्या लक्षात येईल. मला अजून एक पुस्तक हवं आहे. एकच, पण चांगलं. डोळे जायच्या आत मला पुन्हा एकदा तसं हरवून जायचं आहे. प्रत्येक दाभेकर आणि प्रत्येक करमाळे माझ्या उरलेल्या उजेडातून आपला वाटा काढून घेतो. म्हणून तू निवड म्हणतो.

आणि एक. तेराव्याच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणालीस, “आय तिकडं मरत व्हती न् तू बुकान तोंड घालून बसलेला.” मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ताटावरून उठून गेलो. आज देतो. मला वाचायला तिनेच सांगितलं होतं. “गुनाजी, वाच. थांबू नको,” म्हणाली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. केतुमान कडा चढत होता. मी ते प्रकरण संपवलं, मान वर केली, तेव्हा कळलं. मध्ये थांबलो असतो तर काय वेगळं झालं असतं ते मला ठाऊक नाही. तुला रोह्याहून यायला उशीर झाला, ती तुझी वाट बघत गेली, त्याचा राग तू माझ्यावर आणि पुस्तकांवर काढलास. तू आता काहीच वाचत नाहीस असं कानावर आलं. ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

नाव कळव.

गुणाजी


पेण, २१ जुलै १९९६

अनू,

मी रोह्याला येऊन गेलो.

पुस्तकासाठीच आलो होतो. पेणच्या वाचनालयात तलवारीची पुस्तकं संपली, उरली ती पाकशास्त्राची. म्हटलं रोह्याला असतील. एस.टी.त पुढची सीट मिळाली, पण कोलाड आलं ते उतरणाऱ्यांच्या गलक्यावरून कळलं, खिडकीतून नाही. वाचनालयातल्या बाईंनी उमरठकर काढून दिले. चांगल्या बाई. मला वाचता वाचता पुस्तक नाकाशी धरलेलं पाहून पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळ उजेडात बसवलं.

उमरठकर वाईट नाहीत. भाषा कोलाडकरांचीच आहे, अगदी ‘मध्यरात्रीचा करकरता वारा’ सुद्धा उचललाय. पण उचललेलं कळतं गं. आपल्या गल्लीत कुणी बाबांच्या चालीने चालून दाखवलं तर आपण हसू, पण त्याला बाबा म्हणणार नाही. मी अर्ध्यावर बंद केलं. केतुमानच्या कपड्यांत दुसराच कुणी फिरतोय असं वाटत राहिलं.

त्यानंतर मी तुमच्या वरश्याला चालत गेलो. नाही म्हणून काय करू. तुमच्या घरासमोर नवीन चाळ झाली आहे, मला आधी घरच सापडेना. दोरीवर तुझ्या धनेशचा कंपनीचा निळा शर्ट वाळत होता त्यावरून ओळखलं. ओट्यावर तुझी किमया बसली होती. तिने मामाला ओळखलं नाही. ओळखणार कशी, दीड वर्षात पोरं किती वाढतात.

“कोन पायजे?” तिने विचारलं.

“कोणी नाही गो. रस्ता चुकलो.”

“कुटं जायचाय?”

“पेणला.”

ती हसली. “पेन काय हिकडं हाय?”

आतून तुझा आवाज आला, कुणाशी बोलतेस म्हणून. मी वळलो. तुझ्या दारात उभं राहून तू ‘आत ये’ म्हणाली नसतीस तर पुढे काय केलं असतं ते मला सुचेना. एस.टी.त बसल्यावर सुचलं, पण तेव्हा गाडी नागोठण्याला पोचली होती.

गुणाजी


पेण, २४ ऑगस्ट १९९६

प्रिय अनू,

पाट आला!

नागपंचमीनंतर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी टेम्पोतून गणपती बसवायचे गावोगावचे पाट उतरवले. मी कोपऱ्यात बसून मागची नावं वाचत होतो, म्हणजे बोटांनी चाचपत होतो. आणि हाताला लागलं, वरसे. तुझ्या सासऱ्यांनी कोरलेलं नाव, एक कोपरा उडालेला. मी पाट तसाच मांडीवर घेऊन बसलो. हौसा, आमच्या इथे मूर्तींना पॉलिश करते ती, म्हणाली, “काय वो भाऊ, लगीन लावताव काय पाटाशी?”

मला काय झालं ते हौसाला काय कळणार. ज्या घराशी संबंध तुटला ते घर आपला पाट त्या माणसाच्या हाताखाली पाठवत नाही. पेणमध्ये कारखान्यांना काय तोटा? रोह्यात तर प्लॅस्टरचे तयार गणपती दुकानात मिळतात. तरी तू इथेच पाठवलास. पोस्टकार्डापेक्षा हे मोठं उत्तर आहे. तू कधीच सरळ बोलली नाहीस, लहानपणीही. रुसलीस की माझ्या ताटात गुपचूप मासळीचा तुकडा जास्त वाढायचीस, तोंडाने मात्र शिव्या चालू.

म्हणून मी ठरवलं. पुस्तक शोधणं बंद. आता जो काही उजेड उरलाय तो तुमच्या गणपतीसाठी. कोलाडकरांच्या जागी कोण, हे पुढच्या जन्मी बघू. मूर्ती शाडूची घेतली, आमच्या गोविंदाने साच्यातून काढलेली सगळ्यात सुबक. रंग हौसाच्या देखरेखीखाली झाला. आखणी मी दुपारच्या उन्हात करणार, पत्र्याची झडप उघडून. शेठना सांगितलं, ही मूर्ती मी एकटाच करणार, मध्ये कुणी हाक मारायची नाही.

चतुर्थीला मला बोलव म्हणत नाही. पण विसर्जन झाल्यावर एखाद्या रविवारी ये. पहिली पानं चाळून दे. मला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय, “ह्या नको, ह्या वाच.”

तुझा दादा


पेण, २० सप्टेंबर १९९६

अनिता,

हरतालिकेच्या दिवशी धनेश आला ते तुला माहीतच असेल. टेम्पोत मूर्ती होती, वर टॉवेल टाकलेला. मला वाटलं, वाटेत काही मोडलं म्हणून आला. तो चप्पल न काढता दारातच उभा राहिला. तो वाईट माणूस नाही.

“भावजी, बाप्पा आमच्याकडं बघतच नाय,” तो म्हणाला. “एक डोला दाराकडं, एक डोला चुलीकडं. आयेनं बघितला न् म्हनाली, ह्यो मांडायचा नाय घरान.”

टॉवेल काढला. मी जवळ गेलो. मूर्तीचा उजवा डोळा पाहिला, उत्तम. डावा पाहिला, तोही उत्तम. दोन्ही एकदम मला दिसतच नाहीत, अनिता. एक बघितला की दुसरा पुंगळीच्या बाहेर. आखताना मी प्रत्येक डोळा नीट काढला होता, जीव ओतून काढला होता. फक्त त्या दोघांची एकमेकांशी गाठ पडली नाही. पंचवीस वर्षं हे काम केलं, पण नजर दोन डोळ्यांची मिळून होते ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

शेठ आले, बघितलं. फळीवरची दुसरी मूर्ती काढली, दुसऱ्याच्या हातची, आणि धनेशला दिली. तो पाटावरची मूर्ती बदलत असताना मी विचारलं, “अनिता काय म्हणाली?”

“काय नाय. आत गेली.”

मी म्हणालो, पाट तर तिनेच पाठवला होता ना. तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला खरंच कळेना. “पाट दरसालचा हाय भावजी. आमच्या बापापासनं हिकडंच येतो. मी टाकला टेम्पोन. तिला मायतपन नव्हता.”

म्हणजे तो नुसता पाट होता. दरवर्षी येतो तसा आला, त्यात निरोप नव्हता. निरोप मी घातला. एवढी पुस्तकं वाचून माणसाला नको तिथे खुणा दिसायला लागतात, तू म्हणायचीस ते खरं असेल.

शेठनी मला पॅकिंगला बसवलं. पगार तोच ठेवला. मूर्तीभोवती पेंढा भरायचा आणि रद्दी कोंबायची. त्याला डोळे लागत नाहीत.

उतरवलेली मूर्ती मी चतुर्थीच्या सकाळीच खाडीत सोडली. पूजा न झालेली. क्षमा माग म्हणून हौसाने सांगितलं, पण मी तसाच मागे फिरलो.

गुणाजी


पेण, २४ नोव्हेंबर १९९६

अनू,

हे हौसाच्या हातून लिहून घेतोय. ती चौथी शिकलीय, अक्षर मोठं आहे, चुका असतील त्या मीच नीट सांगितलं नाही असं समज.

सापडलं.

नवरात्राच्या देवी बांधत होतो. रद्दीच्या गठ्ठ्यात एक पुस्तक हाताला लागलं, कव्हर नसलेलं. फाडायच्या आधी सवयीने पहिलं पान डोळ्याशी नेलं. इंदुमती घोसाळकर. कधी ऐकलं नव्हतं हे नाव. बाई आहे! गोष्ट अशी सुरू होते: एक भाडोत्री लढवय्या, पन्नाशीचा, शत्रूच्या गावातून कुणाचं तरी पोर खांद्यावर घेऊन पळतोय आणि खाडी ओलांडायला पाण्यात उतरतो. भरती लागलेली.

मी अंगणात उन्हात जाऊन बसलो. अनू, तिला चिखल माहीत आहे. पाय आत गेला की जोरात उपसायचा नाही, टाच वाकडी करून हळू सोडवायचा, नाहीतर चिखल दुसरा पायही मागतो. बाबांनी आपल्याला शिकवलेलं. हे तिने लिहिलंय, अर्ध्या ओळीत, जाता जाता. त्याच्या खांद्यावरचं पोर झोप आल्यामुळे जड होत जातं, मूल झोपलं की जड होतं ना तसं. तो घाबरलाय आणि पोराला कळू नये म्हणून त्याला खाडीतल्या माशांची नावं सांगतोय. मी पहिल्या प्रकरणाला रडलो. कोलाडकरांपेक्षा चांगली आहे म्हणायला जीभ रेटत नाही, पण आहे.

रोज थोडं वाचायचं ठरवलं, पुरवून पुरवून. पहिलं प्रकरण दोनदा वाचलं, घाई नको म्हणून. तिथेच चुकलो. दुसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्यात कळ आली, उलट्या झाल्या. अलिबागला नेलं तोवर जे व्हायचं ते झालं होतं. आता उजेड आहे की अंधार एवढं कळतं. माणूस कळत नाही. अक्षर तर नाहीच.

पुस्तक मी तुला पार्सलने पाठवलं. वाटलं, निदान तू वाचशील. परवा परत आलं. पोस्टमन म्हणाला, वर ‘घेण्यास नकार’ लिहिलंय. त्याला मी दोनदा वाचायला लावलं. बिचारा ओशाळला.

हौसाने प्रयत्न केला. ती एकेक अक्षर जोडत जाते. वाक्याच्या शेवटाला पोचते तोवर सुरुवात विसरते, मग म्हणते, “भाऊ, ह्यो मानूस पान्यान् का उबा हाय तेच मना समजना.” तिचा दोष नाही. दिवसभर पॉलिश करून तिचे हात दुखत असतात. मीच म्हणालो, राहू दे गो.

आता मला तुझा राग येत नाही. यायला हवा, पण येत नाही. माझं वाचून झालं, एवढंच. घोसाळकर बाईंनी आणखी काही लिहिलंय का, त्या आहेत की गेल्या, हेही मला कुणाला विचारावंसं वाटत नाही. पुस्तक उशाशी आहे. कधी उघडून वास घेतो. रद्दीचाच येतो.

पण तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलंय, खांद्यावरचं पोर गाढ झोपलंय आणि माशांची नावं संपत आलीत. दुसऱ्या प्रकरणात त्याचं काहीतरी होत असेल, बरं किंवा वाईट. मला त्याला तिथे उभं ठेवून यावं लागलं.

तू एक दिवस आली असतीस, तर तो एव्हाना काठाला लागला असता.

गुणाजी